ताळा पाहणारी विद्या

जुन्या पेढ्यांवर दिवेलागणीच्या सुमारास एक नेम पाळला जात असे. दिवसाची कीर्द लिहून झाली, रोकड मोजून झाली, जमा आणि नावे या दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्या, तरी दिवाणजी वही मिटत नसत. ओळीवर बोट ठेवून ते पुन्हा एकदा आकड्यांचा ताळा पाहात. बेरीज जुळणे ही एक गोष्ट आणि ती खरी असणे ही दुसरी, हे त्यांस अनुभवाने ठाऊक होते. कधी कधी दोन चुका एकमेकींस झाकतात आणि हिशेब वरून अगदी निर्मळ दिसतो, हेही त्यांनी पाहिलेले असे.

आता ती पेढी गेली, बोरू गेला, लाल कापडाची वहीही बहुतेक ठिकाणांहून गेली. बँकेत, पोस्टात, रुग्णालयात, शाळेच्या कचेरीत, इतकेच काय पण किराणा दुकानाच्या गल्ल्यावरसुद्धा हिशेब संगणक करतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच बेरीज पडद्यावर उमटते. ती इतकी नीटनेटकी असते की तिच्याविषयी शंका घेणारा मनुष्यच अडाणी ठरावा! मग ताळा कोणी पाहावयाचा?

या प्रश्नाशी ज्या विद्याशाखेचे निकटचे नाते आहे तिचे नाव व्यवसाय-माहितीशास्त्र. इंग्रजीत तिला बिझिनेस इन्फॉर्मॅटिक्स म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत या शाखेची पदव्युत्तर ऑनर्स पदवी घेता येते. त्या पदवीची ओळख वाचकांस करून द्यावी आणि तिच्या निमित्ताने आपल्या घरांतील मुलामुलींच्या शिक्षणाविषयी थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एक शब्द, दोन अर्थ

‘ऑनर्स’ हा शब्द आपल्या कानांस नवा नाही. बी. ए. ऑनर्स, बी. कॉम. ऑनर्स या पदव्या आपल्या देशात कित्येक वर्षांपासून चालत आल्या आहेत. आपल्याकडे ऑनर्स म्हणजे पहिल्या पदवीचाच अधिक भारदस्त प्रकार. विद्यार्थी एखादा विषय खोलात जाऊन शिकतो आणि पदवीच्या नावापुढे तो शब्द कंसात लागतो. २०२० साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीसही हाच शब्द जोडला आहे.

दक्षिण आफ्रिकेतील रीत निराळी. तेथे वाणिज्य शाखेची पहिली पदवी सामान्यतः तीन वर्षांची असते. ती हाती पडल्यावर, ज्याचे गुण चांगले आहेत आणि ज्यास पुढे जाण्याची उमेद आहे, असा विद्यार्थी आणखी एका वर्षाच्या ऑनर्स अभ्यासक्रमास बसतो. ही स्वतंत्र पदवी होय. ती पहिल्या पदवीच्या वर आणि मास्टर्सच्या खाली, जिन्यातील मधल्या चौकासारखी उभी आहे. त्या चौकावर पाय ठेवल्याशिवाय वरच्या मजल्यावर सहसा जाता येत नाही.

या जिन्याच्या पायऱ्या कायद्यानेच मोजून दिल्या आहेत. त्या देशाने २००८ साली शैक्षणिक अर्हतांच्या राष्ट्रीय चौकटीचा कायदा केला. चौकटीत एकंदर १० पायऱ्या आहेत. तीन वर्षांची पदवी सातव्या पायरीवर, ऑनर्स आठव्या, मास्टर्स नवव्या आणि डॉक्टरेट दहाव्या पायरीवर येते. प्रत्येक पदवीचे वजन श्रेयांकांत मोजतात आणि एक श्रेयांक म्हणजे सामान्य विद्यार्थ्याचे १० तासांचे काम. तीन वर्षांच्या पदवीस किमान ३६० श्रेयांक लागतात, ऑनर्सला १२०. म्हणजे १,२०० तास झाले. आठवड्यास ४० तास धरले तर पुरते ३० आठवडे अभ्यासाशिवाय दुसरा उद्योग नाही! या १२० पैकी निदान ३० श्रेयांक विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या संशोधनाचे असले पाहिजेत, असा दंडक आहे. हा दंडक का घातला, याचा उलगडा पुढे होईल.

नोकरी करणाऱ्या मनुष्याने इतके तास कोठून आणावेत, असे कोणी विचारील. त्याचीही सोय आहे. प्रिटोरिया येथील दक्षिण आफ्रिका विद्यापीठ, ज्यास सारे लोक ‘युनिसा’ म्हणतात, ते टपालाने शिक्षण देणाऱ्या जगातील जुन्या विद्यापीठांपैकी एक आहे. १८७३ साली केप वसाहतीत केवळ परीक्षा घेणारी संस्था म्हणून ते स्थापन झाले. १९१६ साली त्यास आजचे नाव मिळाले आणि १९४६ पासून ते टपालाद्वारे अध्यापन करू लागले. रॉबेन बेटावरील कित्येक राजबंद्यांनी तुरुंगातच त्याचे पाठ गिरविले. नेल्सन मंडेला यांनी कायद्याची पदवी १९८९ साली, बंदिवासात असतानाच, याच विद्यापीठातून मिळविली. अशा विद्यापीठात दिवसा कचेरीत बसणारा कारकून रात्री स्वयंपाकघरातील टेबलावर पुस्तक उघडून ही पायरी चढू शकतो. एक वर्षाचा अभ्यास दोन वर्षांत विभागून घेतो, एवढेच.

चहाच्या दुकानातून निघालेली विद्या

आता या विद्येच्या जन्माकडे वळू. संगणक प्रथम गणितज्ञांच्या आणि लष्कराच्या कामी आला, हे खरे. पण व्यापाराच्या कामास तो प्रथम कोणी जुंपला असेल? एखाद्या मोठ्या बँकेने? पोलादाच्या कारखान्याने? नव्हे. तो मान लंडनमधील जे. लायन्स आणि कंपनी या चहा-फराळाची दुकाने चालविणाऱ्या पेढीकडे जातो.

या कंपनीचे पहिले चहागृह १८९४ साली पिकॅडिली भागात उघडले आणि पुढे अशा दुकानांचे जाळे सबंध देशात पसरले. पावाचा एक तुकडा, केकची एक फोड, चहाचा एक पेला, अशा बारीकसारीक विक्रीवर कंपनीचा सारा डोलारा उभा होता. नफा एका पेल्यामागे अगदी थोडा. म्हणून हिशेबात ढिलाई चालण्याजोगी नव्हती. १९४७ साली कंपनीचे दोन अधिकारी अमेरिकेत कचेरीच्या नव्या पद्धती पाहावयास गेले. तेथे त्यांस इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांविषयी कळले आणि गंमत अशी की तसलेच एक यंत्र आपल्या घराशेजारी, केंब्रिज विद्यापीठात, तयार होत आहे हेही तेथेच कळले. कंपनीने केंब्रिजला पैशाची आणि माणसाची मदत केली आणि त्या नमुन्यावर स्वतःचे यंत्र उभारले. त्याचे नाव ‘लिओ’, म्हणजे लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस. १९५१ च्या नोव्हेंबरअखेर लिओने कंपनीच्या भट्ट्यांतील पाव आणि केक यांच्या किमतीचा हिशेब नियमाने करण्यास आरंभ केला. धंद्याचे नित्याचे काम संगणकाने करण्याचा जगातील हा पहिला प्रसंग मानला जातो.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने यंत्राहून महत्त्वाची आहेत ती त्या यंत्राभोवतीची माणसे. कचेरीचे काम कसे चालते याचा शोध घेणारा एक खास विभाग या कंपनीने १९३१ पासूनच ठेवला होता. डेव्हिड कॅमिनर हे त्यातलेच गृहस्थ. त्यांस पुष्कळ लोक जगातील पहिला पद्धति-विश्लेषक म्हणतात. यंत्र काय करू शकते हे विचारण्याआधी काम मुळात का आणि कसे होते, हे ते विचारीत.

चहागृहांच्या रोजच्या मागणीचेच उदाहरण घ्या. उद्या किती पाव, किती केक हवेत हे प्रत्येक दुकानाच्या व्यवस्थापिकेस रोज कळवावे लागे. शेकडो दुकानांच्या लांबलचक याद्या रोज यंत्रात घालावयाच्या म्हटल्या तर यंत्रापेक्षा माणसेच थकली असती. तेव्हा १९५४ साली नवी पद्धत बसविण्यात आली. प्रत्येक दुकानाची नेहमीची मागणी यंत्रापाशी आधीच नोंदलेली राहील. व्यवस्थापिकेने ठरल्या वेळी दूरध्वनीवर फक्त बदल सांगावयाचा: उद्या पाऊस दिसतो, केक कमी पाठवा, शनिवार आहे, पाव अधिक पाठवा. बाकीचे यंत्र जाणे. या युक्तीत विजेची करामत थोडी आणि माणसाच्या कामाची जाण अधिक आहे. व्यवसाय-माहितीशास्त्राचे सारे मर्म या एका दूरध्वनीत सामावले आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नोकरांच्या पगाराचा हिशेब लिओकडे सोपविण्यापूर्वी तो काही काळ दोन्हीकडे चालविण्यात आला. यंत्रही करी आणि कारकूनही करीत. दोहोंचे आकडे ताडून पाहिले, मगच कारकुनांचे काम थांबले. जुन्या दिवाणजींनी यास मान डोलाविली असती! याच मंडळींत १९५२ साली मेरी कूम्स नावाची तरुणी आली. व्यापारी कामाच्या आज्ञावली लिहिणारी पहिली स्त्री म्हणून तिचे नाव आज घेतले जाते. आपल्या घरांतील मुलींनी हे ध्यानी ठेवावे.

लिओची वंशावळ पुढे लांबली. १९६२ साली तिसऱ्या पिढीतील एक लिओ यंत्र जोहान्सबर्ग येथील रँड माइन्स या सोन्याच्या खाणींच्या कंपनीकडे गेले. ज्या देशातील पदवीविषयी आपण बोलत आहोत, त्या देशाचा या कथेशी संबंध असा जुना आहे. इंग्लंडच्या टपाल खात्यानेही याच घराण्याची यंत्रे घेतली. ही शेवटची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

नामकरण

विद्या जन्मली, पण तिचे बारसे उशिरा झाले. जर्मनीत कार्ल स्टाइनबुख यांनी १९५७ साली ‘इन्फॉर्मॅटिक’ हा शब्द घडविला. फ्रान्समध्ये फिलिप ड्रेफस यांनी १९६२ साली माहिती आणि स्वयंचलन या अर्थांचे दोन शब्द जोडून तसाच शब्द तयार केला. जर्मन भाषिक देशांत या विद्येची व्यापाराशी सोयरीक झाली आणि तिकडील विद्यापीठांत तो स्वतंत्र विषय ठरला. धंद्याचे सारे व्यवहार, म्हणजे खरेदी, साठा, विक्री, पगार आणि हिशेब, एकाच संगणकीय पद्धतीत ओवणारी सॅप ही कंपनी पाच अभियंत्यांनी १९७२ साली जर्मनीतच काढली. आज पुणे, हैदराबाद आणि बंगळूर येथील कित्येक मराठी तरुण-तरुणींची चूल त्या पद्धतीच्या कामावर पेटते.

दक्षिण आफ्रिकेत या विषयास सर्वत्र एकच नाव नाही. प्रिटोरिया विद्यापीठात त्याचा विभाग ‘इन्फॉर्मॅटिक्स’ म्हणून ओळखला जातो, तर केप टाउन विद्यापीठात ‘इन्फर्मेशन सिस्टीम्स’ म्हणून. युनिसात वाणिज्य शाखेत ‘बिझिनेस इन्फॉर्मॅटिक्स’ याच नावाने तो शिकविला गेला आहे. नावे तीन असली तरी घराणे एकच आहे. संगणकशास्त्राचा विद्यार्थी यंत्राच्या पोटात शिरतो आणि लेखाशास्त्राचा विद्यार्थी वहीच्या. हा तिसरा विद्यार्थी त्या दोघांच्या मध्ये उभा राहतो आणि एकाची भाषा दुसऱ्यास समजावून सांगतो. दुभाष्याचे काम कधीच सोपे नसते. दोन्हीकडचे लोक त्यास परका समजतात. पण तो नसला तर दोन्ही बाजू आपापल्या भाषेत बोलत राहतात आणि मध्ये गैरसमज वाढत जातो.

वर्षभर काय शिकावयाचे?

ऑनर्सच्या वर्षात हा विद्यार्थी साधारणतः पुढील गोष्टी शिकतो. एखाद्या संस्थेचे काम बारकाईने पाहून त्याची मांडणी करणे. माहितीचा साठा असा रचणे की तीच नोंद दोन ठिकाणी दोन रूपांत राहू नये. मोठ्या कामाचे वेळापत्रक आणि खर्च यांवर ताबा ठेवणे. माहिती चोरापासून आणि उगाच डोकावणाऱ्यापासून सुरक्षित राखणे. आणि या साऱ्याची जबाबदारी शेवटी कोणाची, हे ठरविणे. या शेवटच्या गोष्टीबाबत दक्षिण आफ्रिकेने चांगला पायंडा पाडला आहे. न्यायमूर्ती मर्विन किंग यांच्या समितीने कंपन्यांच्या कारभाराविषयी वेळोवेळी अहवाल दिले. २००९ सालच्या तिसऱ्या अहवालात माहिती-तंत्राच्या कारभारासाठी स्वतंत्र प्रकरण होते, आणि ती जबाबदारी तळमजल्यावरील तंत्रज्ञांची नसून थेट संचालक मंडळाची आहे, असे त्यात बजावले होते.

पण या वर्षाचा प्राण म्हणजे ते ३० श्रेयांकांचे संशोधन. पहिल्या पदवीपर्यंत विद्यार्थ्यास प्रश्न दुसरा कोणी देतो. उत्तर शोधावयाचे तेवढे त्याच्याकडे असते. येथे प्रश्नही त्यानेच शोधावयाचा. कल्पना करा, एका रुग्णालयात नोंदणीसाठी नवी संगणकीय पद्धत बसविली आहे, तरी परिचारिका टेबलाच्या खणात कागदी वही जपून ठेवतात. आळशी निरीक्षक म्हणेल, “जुनी खोड, दुसरे काय!” ऑनर्सचा विद्यार्थी तसे म्हणू शकत नाही. त्याने तेथे जाऊन बसले पाहिजे, परिचारिकांस विचारले पाहिजे, रात्रपाळी पाहिली पाहिजे. कदाचित त्यास असे आढळेल की वीज गेली म्हणजे पद्धत बंद पडते आणि औषध तर ठरल्या वेळीच द्यावे लागते. मग ती वही खोड राहात नाही. ती रुग्णाच्या जीवाची राखण ठरते. ‘लोक यंत्र नीट वापरीत नाहीत’ येथून निघून ‘यंत्र लोकांस नीट उपयोगी पडते काय’ येथवर विद्यार्थी पोचला, की त्याचे ऑनर्स सार्थकी लागले. ते ३० श्रेयांक सक्तीचे का, याचे उत्तर हेच.

ताळा पाहिला नाही म्हणजे

एवढ्याशा गोष्टीसाठी एक वर्ष घालवावे काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर इंग्लंडच्या टपाल खात्याच्या कथेत मिळते. ही कथा आता न्यायालयांच्या निकालांत नोंदलेली आहे.

इंग्लंडमधील खेड्यापाड्यांत पोस्टाची कचेरी बहुधा एखाद्या दुकानदाराच्या दुकानातच असते. दुकानाच्या एका कोपऱ्यात पोस्टाची खिडकी, आणि तो दुकानदार हाच उपपोस्टमास्तर. यांत मूळ भारतीय वंशाची कुटुंबेही पुष्कळ आहेत. १९९९ पासून या कचेऱ्यांत ‘होरायझन’ नावाची संगणकीय हिशेब-पद्धत बसविण्यात आली. ती आयसीएल या कंपनीची. लिओ यंत्रे बनविणारी कंपनी एकामागून एक विलीनीकरणे होत अखेर १९६८ साली याच आयसीएलमध्ये सामावली होती आणि आयसीएल पुढे जपानच्या फुजित्सू कंपनीची झाली. म्हणजे पाव-केकच्या हिशेबाचा ताळा पाहणाऱ्या घराण्याचीच ही पुढची शाखा. पण घराण्याचे नाव उतरते तशी शिस्त उतरतेच असे नाही.

लवकरच संध्याकाळी रोकड मोजताना पडदा तूट दाखवू लागला. कोठे शेकडो पौंडांची, कोठे हजारोंची. करारान्वये ती तूट उपपोस्टमास्तरानेच भरून द्यावयाची होती. कोणी पुंजी मोडली, कोणी घर गहाण ठेवले, कोणी नातेवाइकांपुढे हात पसरले. “यंत्र चुकत असेल,” असे म्हणणाऱ्यांची दाद लागली नाही. इंग्लंडच्या कायद्यात १९९९ साली झालेल्या बदलानंतर, संगणक नीट चालत होता असेच न्यायालय प्रथम गृहीत धरू लागले होते. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांवर चोरी, अफरातफर आणि खोटे हिशेब असे गुन्हे शाबीत झाले. काही तुरुंगात गेले; त्यांत एक गरोदर स्त्रीही होती. गावात ज्यांच्या शब्दावर लोक विसंबत, त्यांच्याकडे पाहून शेजारी रस्ता ओलांडू लागले.

चूक कसली असे? एक नमुना पाहा. २०१५ साली एका कचेरीत ८,००० पौंडांची रक्कम आत घेताना पडदा जागचा हलेना, म्हणून कळ पुन्हा पुन्हा दाबली गेली. पद्धतीने तीच रक्कम चार वेळा जमा धरली. हाती ८,००० आणि कागदोपत्री ३२,०००! तूट २४,००० पौंडांची. जुन्या पेढीवरील उमेदवारानेसुद्धा असे चार सारखे आकडे ओळीने पाहून भुवया उंचावल्या असत्या.

ॲलन बेट्स या वेल्समधील उपपोस्टमास्तरांनी हार मानली नाही. त्यांनी एकेक पीडित शोधून संघटना बांधली. ५५५ जणांनी मिळून केलेल्या दाव्यात २०१९ च्या डिसेंबरात न्यायालयाने निर्वाळा दिला की पद्धतीत दोष होते आणि त्या दोषांमुळे हिशेबात खोटी तूट दिसू शकत होती. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या आणि २०२४ च्या मे महिन्यात पार्लमेंटने खास कायदा करून उरलेल्या शेकडो लोकांस निर्दोष ठरविले. २०२५ च्या जुलैत चौकशी आयोगाच्या अहवालाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. या प्रकरणापायी निदान १३ जणांनी आपले जीवन संपविले असावे, असे त्यात म्हटले आहे. कायद्याने गुन्हा पुसला जातो. गेलेला मनुष्य परत येत नाही.

या कथेत यंत्र हा खलनायक नाही. चुकणे हा यंत्राचा आणि ते बनविणाऱ्या माणसाचा धर्मच आहे. अपराध घडला तो ज्यांनी ताळा पाहावयाचा त्यांनी तो न पाहिल्याने, आणि ज्यांस चूक ठाऊक होती त्यांनी तोंड न उघडल्याने.

गरिबांच्या अनुदानाची गोष्ट

ज्या देशात ही ऑनर्स पदवी देतात, तेथेही असा धडा मिळालेला आहे. दक्षिण आफ्रिकेत वृद्ध, अपंग आणि गरिबांची मुले यांच्यासाठी सरकार दरमहा अनुदान देते. २०१२ पासून सुमारे १ कोटी ७० लाख अनुदाने वाटण्याचे काम एका खासगी कंपनीकडे होते. तिच्यापाशी पैशाबरोबर कोट्यवधी गरिबांची नावे, बोटांचे ठसे आणि खात्यांची माहितीही गेली. मग कित्येक म्हाताऱ्या स्त्रियांच्या ध्यानात आले की महिन्याच्या रकमेतून भ्रमणध्वनीचे पैसे, विजेचे पैसे, कर्जाचे हप्ते परस्पर कापले जात आहेत. ज्या गोष्टीस आपण संमती दिल्याचे आठवत नाही, तिचे पैसे गेलेले!

२०१३ साली तेथील संविधान न्यायालयाने ते कंत्राट अवैध ठरविले होते. परंतु अनुदान थांबले तर लोक उपाशी राहतील म्हणून वाटप चालू ठेवणे भाग पडले. १९५५ साली वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध स्त्रियांनी स्थापन केलेली ब्लॅक सॅश ही संस्था पुन्हा न्यायालयात गेली. मार्च २०१७ च्या आदेशात न्यायालयाने, वाटपासाठी मिळालेली लोकांची माहिती त्या कामाखेरीज दुसऱ्या कशासाठीही वापरता येणार नाही, असे बजावले. माहिती कोणाची, ती कोणत्या कामासाठी दिली आणि ते काम संपल्यावर तिचे काय करावयाचे, हे प्रश्न ऑनर्सच्या वर्गात कोरडे वाटतात. टिनच्या पत्र्याखाली राहणाऱ्या आजीबाईंच्या बाबतीत ते महिन्याच्या पिठाचे प्रश्न असतात.

पालकांस दोन शब्द

आपल्या समाजात शिक्षणाची आवड जुनी आहे. पुत्रास किंवा कन्येस संगणकाच्या शाखेत घातले म्हणजे पोटापाण्याची चिंता मिटली, असे आपण समजतो, आणि त्यात अगदी तथ्य नाही असेही नाही. परंतु प्रवेश घेण्यापूर्वी काही गोष्टी शांतपणे विचारून घ्याव्यात. परदेशी पदवीच्या नावात ‘ऑनर्स’ असेल तर ती पहिली पदवी आहे की तिच्यानंतरची, हे प्रथम पाहावे. केवळ शब्दावर जाऊ नये. दक्षिण आफ्रिकेतील पदवी असेल तर ती राष्ट्रीय चौकटीत कोणत्या पायरीवर नोंदलेली आहे, याची खात्री करून घ्यावी. तिच्यात संशोधनाचा भाग किती, हेही विचारावे. जो अभ्यासक्रम केवळ अवजारे चालविण्यास शिकवितो, त्याची अवजारे पाच वर्षांत जुनी होतात. जो प्रश्न विचारण्यास शिकवितो, तो मनुष्यास आयुष्यभर पुरतो.

आणि सर्वांत आधी आपल्या मुलाचा स्वभाव पाहावा. ज्यास यंत्र आवडते पण माणसांचा कंटाळा आहे, त्याने शुद्ध संगणकशास्त्राकडे जावे; तेही थोर शास्त्र आहे. ज्यास दुकानातील गिऱ्हाइकाचे बोलणे ऐकावेसे वाटते, आजी औषधाच्या गोळ्या कशा लक्षात ठेवते याचे कुतूहल वाटते, आणि जुळलेली बेरीजही जो एकदा उलटून पाहतो, त्याच्यासाठी ही व्यवसाय-माहितीशास्त्राची वाट आहे. या वाटेवर लागणारी गणिताची बुद्धी पुष्कळांपाशी असते. “साहेब, हा आकडा मला खरा वाटत नाही,” असे वरिष्ठापुढे उभे राहून नम्रपणे म्हणण्याचे धैर्य मात्र थोड्यांपाशी असते. टपाल खात्याच्या त्या सोळा वर्षांत असे म्हणणारी चार माणसे योग्य जागी बसली असती, तर कित्येक घरे उभी राहिली असती.

दिवाणजी वही मिटण्यापूर्वी ताळा पाहात, तो मालकाच्या भीतीने नव्हे. त्या आकड्यांच्या आड माणसे आहेत, कोणाची मजुरी आहे, कोणाच्या मुलीच्या लग्नाची ठेव आहे, हे ते जाणून होते. वही बदलली, शाई गेली, आकडे विजेच्या वेगाने धावू लागले. पण त्यांच्या आडची माणसे तीच आहेत. त्यांच्यासाठी ताळा पाहणारा कोणीतरी हवा. तो आपल्या घरातून निघाला, तर एका वर्षाचा खर्च आणि बाराशे तासांची मेहनत काही फार नव्हे.